सोलापुरातून कॅनडाची स्पाउस फाइल: कुठून सुरुवात करायची, काय जोडायचं

मुलगा ब्रॅम्प्टनला आणि सून अजून जुळे सोलापुरात. किंवा मुलगी कॅलगरीत नर्स आणि जावई अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतोय. अशी घरं आता सोलापूरला नवलाची राहिलेली नाहीत. कॅनडात राहणाऱ्याने आपल्या नवऱ्याला किंवा बायकोला तिकडं कायमचं न्यायचं तर जो अर्ज करावा लागतो, तो थेट पीआरचा, म्हणजे तिकडं कायम राहण्याच्या परवानगीचा असतो. आधी तात्पुरता व्हिसा, मग काही वर्षांनी पीआर, अशी पायरी यात नाही. २०१२ ते २०१७ या काळात दोन वर्षं एकत्र राहण्याची अट होती, ती एप्रिल २०१७ मध्ये काढून टाकली.

यात आयईएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा लागत नाही, शिक्षणाची अट नाही. ‘व्हिसासाठी’ म्हणून नव्या सुनेला क्लास लावणारे सासरे मी पाहिलेत. इंग्रजी तिकडं उपयोगी पडेलच, पण फाइलला त्याचा संबंध नाही. फाइल वाचणाऱ्या अधिकाऱ्याला मुख्य गोष्ट एकच ठरवायची असते: हे लग्न खरं आहे का. त्याने तुमची पत्रिका पाहिलेली नसते, अक्षता टाकलेल्या नसतात. त्याच्यासमोर फक्त कागद असतात, आणि ते सगळे एकच हकीकत सांगतात का, एवढंच तो तपासतो.

बोलावणाऱ्याला बोलावता येतं का?

बैठकीत ‘मुलगा कॅनडात असतो’ एवढ्यावर लग्नं ठरतात. कॅनडात असणं आणि जोडीदाराला स्पॉन्सर करता येणं, म्हणजे हमी देऊन बोलावता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पॉन्सर करणारा कॅनडाचा नागरिक किंवा पीआर असावा लागतो आणि वय किमान १८ हवं. ज्याला बोलावायचं त्याचंही वय १८ पूर्ण हवं. स्टडी परमिट किंवा वर्क परमिटवर असलेल्याला स्पॉन्सर करता येत नाही. अशांच्या जोडीदाराला काही वेळा वर्क परमिट मिळतं, पण तो वेगळा रस्ता आहे. २१ जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्यांच्या जोडीदारांसाठी तो बराच अरुंद झाला: साधारणपणे पीएचडी, १६ महिने किंवा त्याहून मोठा मास्टर्स आणि ठरावीक व्यावसायिक कोर्स, एवढ्यांपुरताच.

मुलीकडच्यांनी पीआर कार्ड दोन्ही बाजूंनी पाहायला मागावं. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. पत्रिका जुळवताना नाडी विचारतोच की आपण.

पीआर असलेल्याने अर्ज करताना आणि निकाल लागेपर्यंत कॅनडातच राहायला हवं. नागरिक असेल तर बाहेर राहूनही अर्ज करता येतो, मात्र जोडीदाराला पीआर मिळाल्यावर दोघं कॅनडात राहणार आहेत हे दाखवावं लागतं. अपंगत्वाशिवाय दुसऱ्या कारणाने सरकारी मदतीवर जगणारा, तुरुंगात असलेला, दिवाळखोरीतून मोकळा न झालेला, किंवा आधीच्या स्पॉन्सरशिपचे पैसे थकवलेला माणूस स्पॉन्सर करू शकत नाही. जो स्वतःच जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपवर पीआर झाला, त्याला पुढची पाच वर्षं नव्या जोडीदाराला बोलावता येत नाही. दुसऱ्या लग्नाच्या स्थळांत हे नीट विचारा.

जोडीदारासाठी किमान उत्पन्नाची अट साधारणपणे नाही. तरीही नोकरीचं पत्र आणि कॅनडाच्या आयकर खात्याची नोटीस ऑफ असेसमेंट जोडतात, आणि ती जोडावीच. स्पॉन्सर तीन वर्षांची हमी लिहून देतो: जोडीदार पीआर झाल्यापासून तीन वर्षं त्याच्या गरजा मी भागवेन. घटस्फोट झाला तरी ही हमी संपत नाही. क्यूबेकमध्ये राहणाऱ्यांसाठी प्रांताची वेगळी प्रक्रिया आहे, आणि जून २०२४ मध्ये अर्जांच्या संख्येवर मर्यादाही घातली गेली. त्यांनी आधी प्रांताचे नियम वाचावेत.

आता या सगळ्यातली सर्वात धोक्याची जागा. मुलाचा पीआर मंजूर झालाय, कागद हातात आलेत, पण तो अजून पीआर म्हणून लँड झालेला, म्हणजे कॅनडात उतरलेला नाही. तेवढ्यात घरचे म्हणतात, मुहूर्त चांगला आहे, लग्न उरकून जा. लग्न होतं, आणि तो जाताना बायकोचं नाव कुठंच न सांगता ‘अविवाहित’ म्हणून लँड होतो. ज्या जोडीदाराची किंवा मुलाची माहिती स्वतःच्या पीआरच्या वेळी दिली नाही, त्याला नंतर कुटुंब म्हणून स्पॉन्सर करता येत नाही, असा नियम आहे. मध्यंतरी त्यावर अटी घातलेली एक सवलत आली, पण तिच्या भरवशावर लग्नाची तारीख धरू नका. पीआरचा अर्ज चालू असताना लग्न झालं, मूल झालं, काहीही बदललं तर लँड होण्याआधी कळवायचं. मूल तिकडं येणार नसलं तरी कळवायचं.

दाखला कसा काढायचा

मंगल कार्यालयात पाचशे माणसं जेवली तरी अर्जाला दाखला लागतो तो नोंदणीचाच. महाराष्ट्रात विवाह नोंदणी १९९८ च्या कायद्याप्रमाणे होते. शहरात महापालिकेच्या विवाह नोंदणीच्या कार्यालयात आणि गावात ग्रामपंचायतीत. नवरा-बायको दोघं, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या भटजींची, जंगमांची किंवा काझींची सही, लग्नपत्रिका, फोटो, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे असा सरंजाम न्यावा लागतो. मुलगा तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेला असतो. त्यातला एक दिवस देवदर्शनातून काढून या कामाला ठेवा. अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर हे सगळं नंतर. निकाहनामा असला तरी ही नोंदणी करून घ्यावी. उर्दू निकाहनाम्याचं भाषांतर सोबत जोडायचं.

विशेष विवाह कायद्याने, म्हणजे नोंदणी पद्धतीने लग्न करणार असाल तर तीस दिवसांची नोटीस लागते, आणि दोघांपैकी एक जण त्याआधी किमान तीस दिवस त्या जिल्ह्यात राहत असावा लागतो. सोलापुरात असलेल्याने नोटिशीची तयारी आधीच सुरू केली, तर सुट्टीवर येणाऱ्याचा वेळ वाया जात नाही.

काही घरं सोय म्हणून आधी नोंदणी उरकतात आणि वर्षभराने थाटात लग्न लावतात. अशा वेळी कायद्याने लग्नाची तारीख ती नोंदणीची. फॉर्ममध्ये तीच लिहायची आणि ‘पारंपरिक विधी अमुक तारखेला झाला’ असं वेगळं सांगायचं. पत्रिकेवर एक तारीख, दाखल्यावर दुसरी आणि फॉर्मवर तिसरीच, असं झालं की अधिकाऱ्याला प्रश्न पडणारच. आणि वर सांगितलेला नियम इथंही लागतो. ‘अजून अक्षता पडल्या नाहीत’ म्हणून नोंदणी झालेला मुलगा अविवाहित ठरत नाही.

लग्नाला दोघं प्रत्यक्ष हजर हवेत. एक जण फोनवर, व्हिडिओवर किंवा कोणाला प्रतिनिधी करून लावलेलं लग्न जून २०१५ पासून या कामासाठी साधारणपणे चालत नाही.

आधी लग्न झालेलं असेल तर न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा लागतो. स्टॅम्प पेपरवर सह्या करून नोटरीचा शिक्का मारलेली फारकत आपल्याकडं अजून चालते, पण परदेशाच्या फाइलमध्ये तिच्यावर विसंबणं म्हणजे नकार ओढवून घेणं. समाजाच्या रूढीने काडीमोड झाला असेल तर दुसरं लग्न लावण्याआधी वकिलाला विचारा, नंतर नाही.

सोलापुरात हमखास विचारला जाणारा प्रश्न: मामाच्या मुलीशी लग्न चालतं का? कॅनडाच्या कायद्यात आते-मामे भावंडांचं लग्न निषिद्ध नाही. नातं लपवू नका. ओळख कशी झाली या प्रश्नाचं उत्तर तिथं आपोआप मिळतं, आणि लहानपणीचे एकत्र फोटो असले तर फारच उत्तम.

लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांसाठीही वाट आहे. सलग बारा महिने एकत्र राहिल्याचा पुरावा असेल तर ‘कॉमन-लॉ पार्टनर’ म्हणून अर्ज करता येतो. समलिंगी जोडप्यांना कॅनडात लग्नाचा हक्क आहे आणि अर्जातही फरक केला जात नाही. भारतात त्यांना लग्न करता येत नाही आणि एकत्र राहणंही शक्य झालं नसेल, तर किमान वर्षभराचं पक्कं नातं आणि खऱ्या अडचणी दाखवून ‘कॉन्जुगल पार्टनर’ हा तिसरा प्रकार वापरता येतो. तो सिद्ध करायला कठीण असतो. ज्यांना लग्न करणं शक्य आहे त्यांनी पळवाट म्हणून तो धरू नये.

नावांचा गुंता

महाराष्ट्रातल्या फायलींमधलं हे खास दुखणं. दहावीच्या सर्टिफिकेटवर मुलीच्या नावापुढं वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्नानंतर कोणीतरी उत्साहाने आधार बदलून आणतं, त्यावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. पासपोर्ट जुनाच. बँकेत तिसराच प्रकार, कारण तिथं फक्त आद्याक्षरं. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आडनाव आधी लिहायची पद्धत, त्यामुळं कुठं आडनावच पहिलं नाव होऊन बसतं. काही घरांत लग्नात पहिलं नावही बदलतात.

माझं मत स्पष्ट आहे: फाइलचा निकाल लागेपर्यंत पासपोर्टवरचं नाव बदलायच्या फंदात पडू नका. पासपोर्टवर जे आहे तेच सगळ्या फॉर्मवर, जसंच्या तसं, एका अक्षराचाही फरक न करता. बाकीची सगळी नावं ‘इतर नावं’ या रकान्यात लिहायची, अगदी पत्रिकेवर छापलेलं टोपणनावसुद्धा. सोबत ‘ही सर्व नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून जोडा. विवाहाच्या दाखल्यावर स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे येतंय ना, हे दाखला हातात घेताना खिडकीसमोरच वाचून बघा. नंतर दुरुस्तीला घालवायचे हेलपाटे फार.

जे कागद इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये नाहीत त्यांचं भाषांतर लागतं. घरातल्या कोणी केलेलं भाषांतर चालत नाही, मग वहिनी इंग्रजीच्या प्राध्यापिका असल्या तरी. प्रमाणित भाषांतरकार नसेल तर भाषांतर करणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ कागदाची साक्षांकित प्रत जोडायची. पत्रिका मराठीत, आतला मजकूर तेलुगूत किंवा कन्नडमध्ये असा प्रकार इथं नेहमीचा. जेवढा मजकूर, तेवढं भाषांतर.

लग्न खरं आहे, हे कागदावर कसं दाखवायचं

फाइलचा जीव इथं आहे. कायद्यात दोन कसोट्या आहेत: लग्न खरं नसेल, किंवा ते मुख्यतः इमिग्रेशनसाठी केलेलं असेल. यातलं एक जरी अधिकाऱ्याला वाटलं तरी अर्ज जातो.

आयएमएम ५५३२ या फॉर्ममध्ये तुमच्या नात्याची कहाणी विचारतात. ओळख कोणी करून दिली, प्रत्यक्ष कधी भेटलात, लग्नाला कोण होतं, घरच्यांना एकमेकांची किती माहिती आहे. आपली माणसं इथं एका ओळीत आटोपतात: ‘अरेंज्ड मॅरेज. दोन्ही घरांच्या संमतीने झालं.’ खरं आहे, पण यातून परक्या माणसाला काहीच कळत नाही. त्यापेक्षा असं लिहा:

‘आमच्या मामांनी फेब्रुवारीत दोन्ही घरांत विषय काढला. मार्चपासून आम्ही दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलत होतो, कारण मला आठवड्यातून तेवढीच सुट्टी असते. पहिली प्रत्यक्ष भेट दिवाळीत, तिच्या भवानी पेठेतल्या घरी, दोघांचे आई-वडील आणि तिची आजी हजर असताना. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच सिद्धेश्वराच्या देवळात आणि नंतर जेवायला गेलो. तिला नोकरी सोडायची नव्हती आणि मला थंडीची कल्पना तिला आधी द्यायची होती, यावर तिथं बोलणं झालं. चार दिवसांनी सुपारी फुटली. माझी रजा कमी असल्यामुळे लग्न त्याच महिन्यात ठेवलं.’

शेवटचं वाक्य विशेष महत्त्वाचं. भेट आणि लग्न यांत दोनच आठवडे असतील तर आपल्याला त्यात वावगं वाटत नाही, अधिकाऱ्याला वाटू शकतं. रजा, मुहूर्त, आजीची तब्येत, जे काही खरं कारण असेल ते लिहून टाकावं. घरातलं कोणी लग्नाला नव्हतं, आंतरजातीय म्हणून एक बाजू आलीच नाही, दोघांच्या वयात बरंच अंतर आहे, एकाचं हे दुसरं लग्न आहे. असल्या गोष्टी त्याला फाइलमधून दिसणारच आहेत. तुम्ही आधी सांगितल्या तर ती माहिती राहते. त्याने शोधून काढल्या तर संशय होतो.

फोटो जास्तीत जास्त वीस. हजारभर फोटोंच्या अल्बममधून वीस निवडणं हे घरात भांडण लावणारं काम आहे, तेव्हा ते एकानेच करावं. प्री-वेडिंगचे धुरातले, ड्रोनवरून काढलेले फोटो बाजूला ठेवा. त्यांत तुम्ही दोघंच असता आणि कपडेही भाड्याचे असतात. अधिकाऱ्याला माणसं बघायची असतात. साखरपुडा, हळद, अंतरपाट किंवा जिरे-गूळ, सप्तपदी, दोन्ही घरचे एका चौकटीत, नंतर सासरी झालेला सत्यनारायण, मग सुट्टीवर आल्यावर घरच्या कपड्यांत बसून जेवताना. प्रत्येकाखाली तारीख, जागा, डावीकडून कोण कोण, आणि विधीचा अर्थ एका ओळीत. ‘वधूचा मामा तिला मंडपात आणतो’ एवढं लिहिलं तरी फोटो बोलू लागतो.

संवादाचा पुरावा दहा पानांपर्यंत. इथं एक अडचण अशी की आपल्या चॅट मराठीत असतात आणि त्याही इंग्रजी अक्षरांत. ‘जेवलीस का’ याचंही भाषांतर लागेल. म्हणून बहुतेक पानं कॉलच्या नोंदींची ठेवा, त्यांत तारखा आणि वेळ दिसते, भाषेचा प्रश्न येत नाही. चॅटची दोन-तीन पानं पुरे. ती लग्नाआधी, लग्नानंतर आणि अलीकडची अशी वेगवेगळ्या महिन्यांतली निवडा. एकाच रात्रीच्या दहा पानांना काही अर्थ नाही.

फोटोंपेक्षा वजनदार कागद मात्र घरात कुणाच्या लक्षात येत नाहीत. विम्यात किंवा पीएफमध्ये जोडीदाराचं नाव वारस म्हणून लावलेलं, कॅनडातल्या नोकरीच्या आरोग्य विम्यात बायकोचं नाव, सासूबाईंच्या ऑपरेशनला पाठवलेल्या पैशांची बँकेतली नोंद, लग्नानंतर पुन्हा भेटायला आल्याची विमानाची तिकिटं आणि पासपोर्टवरचे शिक्के. आणि स्पॉन्सरने लग्नानंतर कॅनडाच्या आयकर खात्यात स्वतःला ‘विवाहित’ करून घेतलंय का, हे आजच विचारा. अर्जात विवाहित आणि टॅक्स रिटर्नवर अविवाहित, ही विसंगती फार सहज सापडते.

फॉर्म आणि फी

अर्ज आयआरसीसी या कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या पीआर पोर्टलवर ऑनलाइन जातो. दोघांचे फॉर्म आणि कागद एकाच वेळी, एकाच अर्जात. स्पॉन्सरचा मुख्य फॉर्म आयएमएम १३४४, हमी त्यातच आहे. नात्याचा तो ५५३२. कागदांची यादी ५५३३, ती छापून भिंतीला लावा आणि एकेक टिक करत जा. जोडीदाराचा ०००८, पार्श्वभूमीचा ५६६९ आणि कुटुंबाच्या माहितीचा ५४०६.

यातला ५६६९ वेळखाऊ. मागच्या दहा वर्षांचा, किंवा १८ वर्षं पूर्ण झाल्यापासूनचा, महिन्यागणिक हिशेब द्यायचा आणि एकही महिना रिकामा सोडायचा नाही. बारावीनंतर चार महिने घरी होते, डी.एड. अर्धवट सोडलं, लग्न ठरेपर्यंत शिवणकाम केलं, सगळं लिहायचं. ‘नोकरी नव्हती, घरी होते’ हे चालणारं उत्तर आहे. मोकळी जागा चालत नाही.

जोडीदार सोलापुरात आहे तर अर्ज ‘फॅमिली क्लास’मध्ये, म्हणजे बोलीभाषेत आउटलँड. नकार आला तर स्पॉन्सरला सहसा अपील करता येतं. जोडीदार आधीच कॅनडात असेल तर ‘इनलँड’ हा पर्याय आहे, पण त्यात तसं अपील नाही आणि मधेच देश सोडला तर अर्ज अडचणीत येऊ शकतो. तिकडं असूनही आउटलँड भरता येतो.

३० एप्रिल २०२४ च्या दरांप्रमाणे स्पॉन्सरशिपचे ८५ डॉलर, अर्जाच्या प्रक्रियेचे ५४५ आणि पीआरच्या हक्काचे ५७५, असे १,२०५ कॅनेडियन डॉलर. बायोमेट्रिकचे ८५ वेगळे. ही फी दर दोन वर्षांनी वाढवली जाते, तेव्हा भरण्याच्या दिवशी वेबसाइटवरचा आकडा बघा. यात फाइल लावून देणाऱ्याची फी, मेडिकल, भाषांतर, पीसीसी (गुन्हा नसल्याचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) काहीच धरलेलं नाही.

पीसीसी, बायोमेट्रिक, मेडिकल

पीसीसी पासपोर्ट खात्याकडून काढायची, पोलीस ठाण्यातून आणलेला चारित्र्याचा दाखला नाही. पासपोर्ट सेवाच्या वेबसाइटवर अर्ज, ५०० रुपये फी, आणि सप्टेंबर २०२२ पासून पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रांतही पीसीसीची सोय आहे, त्यामुळं सोलापूरचं केंद्र निवडता येतं. पडताळणी पत्त्याप्रमाणे शहर आयुक्तालयाकडं किंवा ग्रामीण पोलिसांकडं जाते. लग्नानंतर सून सासरी राहते आणि पासपोर्टवर माहेरचा पत्ता असतो, तिथं हवालदार येतो आणि शेजारी सांगतात, ‘ती आता इथं राहत नाही.’ अर्जात आताचा पत्ता लिहा आणि दोन्ही घरांना कल्पना देऊन ठेवा. गेल्या दहा वर्षांत दुबई, कतार असं कुठं सलग सहा महिने किंवा जास्त राहिला असाल तर तिथलीही पीसीसी लागते, आणि ती मिळवायला भारतातल्या पीसीसीपेक्षा जास्त वेळ जातो.

बायोमेट्रिकचं पत्र आलं की व्हीएफएसच्या, म्हणजे व्हिसाचं काम बघणाऱ्या कंपनीच्या केंद्रात अपॉइंटमेंट घ्यायची. सोलापूरला जवळचं पुणं. सकाळची हुतात्मा किंवा वंदे भारत धरली तर दुपारच्या वेळेला आरामात पोचता. काम बोटांचे ठसे आणि फोटो एवढंच, फक्त पत्राची प्रिंट आणि मूळ पासपोर्ट विसरू नका. बोटांना मेंदी ताजी असेल तर थोडी फिकी होऊ द्या.

मेडिकल आयआरसीसीने नेमलेल्या डॉक्टरकडंच करायचं आणि ते सांगतील तेव्हाच. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचा रिपोर्ट, कितीही मोठं हॉस्पिटल असो, चालत नाही. यादी त्यांच्या वेबसाइटवर शहराप्रमाणे मिळते. निकाल थेट ऑनलाइन जातो. जोडीदाराला मधुमेह, रक्तदाब किंवा खर्चिक आजार असेल म्हणून घाबरू नका. कॅनडाच्या आरोग्यसेवेवर जास्त भार पडेल या कारणाने जोडीदाराचा अर्ज नाकारता येत नाही. मेडिकलची मुदत बारा महिन्यांची असते.

वाट बघताना

अर्ज भरल्यावर पोच येते, मग स्पॉन्सर पात्र आहे का ते बघतात, मग मेडिकल, पार्श्वभूमीची तपासणी, कधीकधी मुलाखत. काळ बदलता असतो. वेबसाइटवर त्या महिन्याचा अंदाज असतो, तोच धरा, शेजारच्याचा नाही. त्यांचा ईमेल रोज बघा, स्पॅमसकट, कारण कागद मागितले की उत्तराला मुदत असते.

दरम्यान जोडीदाराने व्हिजिटर व्हिसाला अर्ज केला तर चालतो. पुढं पीआर व्हायचा इरादा आहे आणि सध्या मुदतीत परत येऊ, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात, हे कायदाच मान्य करतो. पण पीआरची फाइल चालू आहे हे लपवायचं नाही. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षांची बंदी बसते.

एजंटबद्दल

पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार कॅनडातल्या परवानाधारक वकिलांना, क्यूबेकच्या नोटरींना आणि कॅनडाच्या कन्सल्टंट कॉलेजकडं नोंद असलेल्या सल्लागारांना आहे. कॉलेजच्या वेबसाइटवर नाव शोधता येतं. सात रस्त्याला काचेचं ऑफिस आणि भिंतीवर मेपलचं पान म्हणजे परवाना नव्हे. ‘अप्रूव्हल गॅरंटी’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा, आणि पोर्टलचा पासवर्ड कोणाच्याही हाती सोपवू नका. ‘फॉर्ममध्ये असं लिहिलंय हे मला माहीतच नव्हतं’ ही सबब ऐकली जात नाही, खाली सही तुमची असते. साधी फाइल असेल, म्हणजे दोघांचं पहिलं लग्न, आधी नकार नाही, गुन्हा नाही, तर दोन शनिवार-रविवार नीट बसलात तर ती घरी होते. आधी नकार, घटस्फोटाचा घोळ किंवा न सांगितलेलं लग्न असेल तर मात्र वकिलाचे पैसे वाचवू नका.

मंजुरी आली

पीआरचा कागद आणि व्हिसा मिळाला की त्यावरची शेवटची तारीख बघा. ती बहुतेक मेडिकलच्या किंवा पासपोर्टच्या मुदतीवर ठरते आणि वाढवून मिळत नाही. गड्ड्याची जत्रा करून जाऊ, धाकट्या दिराचं लग्न होऊ दे, हे त्या तारखेच्या आत बसत असेल तरच.

दागिने नेणार असाल तर यादी करा: प्रत्येक दागिन्याचं वर्णन, अंदाजे किंमत, फोटो, आणि सराफाची पावती किंवा मूल्यांकन. पहिल्यांदा उतरताना कस्टमला सोबतच्या सामानाची यादी द्यायची असते आणि मागाहून येणाऱ्या सामानाची वेगळी. मागाहूनच्या यादीत नसलेल्या वस्तूवर पुढं कर बसू शकतो. स्त्रीधन अर्धं आईच्या लॉकरमध्ये राहणार असेल तर तेही त्या यादीत लिहून ठेवा. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी नेताना खाण्याच्या वस्तू आहेत असं फॉर्मवर सांगायचं. न सांगता सापडलं तर दंड होऊ शकतो.

उतरल्यावर पहिल्या आठवड्यात नोकरीला आणि कराला लागणारा सिन नंबर काढायचा, बँक खातं उघडायचं आणि प्रांताच्या आरोग्य कार्डासाठी अर्ज करायचा. ब्रिटिश कोलंबियात आरोग्य विमा सुरू व्हायला काही काळ जातो, तेवढ्यापुरता खासगी विमा इथूनच घेऊन जा. पीआर टिकवायला पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं, म्हणून पहिल्या बाळंतपणाला माहेरी येऊन वर्षभर राहायचा बेत असेल तर दिवस मोजत राहा. पीआर कार्ड टपालाने येतं. उतरल्यापासून १८० दिवसांत कॅनडातला पत्ता कळवला नाही तर कार्डासाठी नवा अर्ज करून वेगळी फी भरावी लागते.